ताटाखालचं कापड

टेबलावर ताटाखाली घालायची मॅट शिवायची असेल, तर आधी घरातलं रोजचं ताट घ्या आणि टेपने मोजा. बहुतेक घरांतलं स्टीलचं ताट 11 ते 12 इंचांचं निघतं. आमटी-भाजीच्या वाट्या ताटातच बसतात, त्यांची वेगळी जागा धरायला नको. पाण्याच्या पेल्याला 3 इंच लागतात, तेही डावीकडे. जेवताना उजवा हात भरलेला असतो, त्यामुळे पेला उचलतो तो डावा. परदेशी मासिकांत टेबल मांडण्याची जी चित्रं येतात, त्यांत पेला उजवीकडे आणि दोन्ही अंगांना काटे-सुऱ्या असतात. ती चित्रं हौसेने जरूर बघावीत, मापं मात्र आपल्या ताटावरून घ्यावीत.

पालघरच्या किनारपट्टीवर आणखी एक जागा धरावी लागते, ती म्हणजे काट्यांच्या ताटलीची. सातपाटीचं पापलेट असेल तर एक वेळ तिच्याशिवाय चालेल, पण बारीक काट्यांची मासळी आली की प्रत्येकाच्या उजव्या हाताला एक छोटी ताटली लागतेच. नाहीतर काटे ताटाच्या कडेला, तिथून मॅटवर आणि तिथून टेबलावर. या ताटलीला 4 इंच द्या. 11 इंचांचं ताट, 3 इंचांचा पेला आणि 4 इंचांची ताटली मिळून 18 इंच झाले. ताटाच्या वर आणि खाली एकेक इंच सोडला की दुसरी बाजू 13 इंचांची होते. म्हणजे तयार मॅट 18 बाय 13 इंचांची. ताट 12 इंचांचं असेल तर दोन्ही मापांत एकेक इंच वाढवा.

आता टेबल. शेजारी शेजारी बसणाऱ्यांची कोपरं एकमेकांना लागू नयेत म्हणून माणशी 24 इंच रुंदी धरतात. 3 फूट रुंदीच्या टेबलावर समोरासमोर दोन मॅट ठेवल्या की 26 इंच जातात आणि मध्ये 10 इंच उरतात. भाताचं पातेलं, आमटीचं भांडं आणि लोणच्याची बरणी तेवढ्यात रांगेने बसतात. टेबल अडीच फुटांचंच असेल तर मध्ये फक्त 4 इंच राहतात. अशा वेळी मॅट 12 इंचांची करा आणि पातेली टेबलाच्या टोकाला ठेवा. गोल टेबलावर चौकोनी मॅटचे आतले कोपरे एकमेकांवर चढतात. तिथे माणसाकडची बाजू 18 इंच ठेवून आतली बाजू 4-5 इंचांनी कमी करायची, म्हणजे पाचरीचा आकार येतो. तो शिवायला तसा अवघड नाही, फक्त कापड थोडं जास्त वाया जातं.

पंगतीत प्रत्येकाची जागा आखण्याचं काम रांगोळी करत असे. पाट, त्यापुढे केळीचं पान किंवा पत्रावळ आणि पानाभोवती रांगोळीची महिरप. इथवर तुमची जागा, त्यापुढे शेजाऱ्याची, हे ती महिरप न बोलता सांगायची. जेवणं झाली की पान गाईपुढे जायचं आणि जमिनीवर शेणगोळा फिरायचा. धुण्यासारखं काहीच मागे राहायचं नाही. टेबलावरच्या कापडाची सगळी अडचण इथेच आहे, कारण ते टाकून देता येत नाही आणि सारवूनही काढता येत नाही. दिवसातून दोनदा त्यावर हळद, तेल आणि रस्सा सांडतो, आणि पालघरसारख्या ठिकाणी जून ते सप्टेंबर ते वाळवायला धड ऊन मिळत नाही. त्यामुळे मॅट शिवायला बसताना आधी ठरवायचं ते धुणं आणि वाळवणं. रंग आणि नक्षी त्यानंतर. बाजारातल्या जाड, फुगीर, मखमली मॅट दिसायला छान असतात, पण आषाढात त्या दोन दिवस ओल्या राहतात आणि तिसऱ्या दिवशी वास मारतात.

बोईसर-तारापूर भागात कापड ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. तारापूरचं अणुवीजकेंद्र 1969 साली सुरू झालं. पुढे एमआयडीसी वाढली, आणि देशभरातून आलेली कुटुंबं कॉलन्यांत आणि बिल्डिंगांत राहू लागली. या औद्योगिक वसाहतीची ओळख रासायनिक कारखान्यांमुळे जास्त असली तरी कापडाच्या गिरण्याही इथे आहेत. शर्टिंग-सूटिंगवाल्या सियाराम सिल्क मिल्सचं उत्पादन इथे होतं, पडदे आणि सोफ्याचं कापड करणाऱ्या डी'डेकोरचंही. घरातलं कोणी विणाईत किंवा प्रोसेसिंगमध्ये कामाला असेल, तर ताणा-बाणा म्हणजे काय हे त्या घरात वेगळं सांगावं लागणार नाही. पण एक सावधगिरी हवी. कटपीसच्या दुकानात पडद्याच्या कापडाचे जे देखणे तुकडे मिळतात, त्यांतले बरेच पॉलिएस्टरचे असतात, आणि पॅन्टपीसमध्येही पॉलिएस्टरची भेसळ असते. हे कापड आटत नाही, चुरगळत नाही, लवकर वाळतं. तरीही ताटाखाली ते मला पटत नाही. सांडलेलं पाणी ते शोषत नाही, त्यामुळे ओघळ सरळ मांडीवर येतो. तेल मात्र ते धरून ठेवतं. शिवाय चुकून गरम तवा टेकला तर कापड वितळून टेबलाला चिकटतं.

कापड कशाचं आहे हे दुकानातच ओळखता येतं. पाण्याचा एक थेंब टाका. सुती कापड तो पिऊन टाकतं, पॉलिएस्टरवर तो तसाच उभा राहतो. (नव्या कापडाला खळ असेल तर सुतीवरही थेंब थोडा वेळ थांबतो, म्हणून अर्धा मिनिट वाट पाहा.) खात्रीच करायची तर घरी येऊन एक धागा चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच येतो आणि मागे मऊ राख राहते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळी गोळी धरते.

मॅटसाठी मागायचं कापड म्हणजे केसमेंट, जाडसर खादी, दसुती किंवा मांजरपाट. केसमेंट पडद्यांच्या आणि भरतकामाच्या दुकानात मिळतं, अंगाने घट्ट असतं आणि भरपूर रंगांत येतं. मांजरपाट स्वस्त, पण आटतं सर्वांत जास्त. डक म्हणजे कॅन्व्हास टिकाऊ खरं, पण घरच्या शिलाई मशीनला त्याच्या कोपऱ्यांवर दम लागतो. जुन्या जीन्सच्या मॅट हल्ली पुष्कळ घरांत दिसतात. त्यांचा खिसा ठेवून त्यात चमचा खोचायची कल्पना मुलांना फार आवडते. पण जीन्स वाळत नाही आणि त्या खिशात महिन्याभरात भाताची शितं, शेव आणि मुंग्या सापडतात. खिसा नको.

सहा मॅटना कापड किती लागेल? चारी बाजूंना दुमडायला एकेक इंच धरला तर कापायचा तुकडा 20 बाय 15 इंचांचा. 44 इंच पन्ह्याच्या कापडात आडवे दोन तुकडे बसतात, म्हणजे सहासाठी तीन ओळी, 45 इंच. सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण 3 ते 5 टक्के आटतं, म्हणून सव्वा मीटर घ्या. 54 इंच पन्ह्याचं कापड मिळालं तर तुकडे उभे लावा. एका ओळीत तीन बसतात, दोन ओळींत काम होतं आणि 1.1 मीटरमध्ये भागतं.

आणलेलं कापड कापण्याआधी धुवा. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी पिळून वाळवा आणि थोडं दमट असतानाच इस्त्री करा. ही पायरी गाळली तर मॅट पहिल्या धुण्यात आटतात, पण शिलाईचा पॉलिएस्टर दोरा आटत नाही. मग कडा झालरीसारख्या सुरकुततात. त्या सुरकुत्या इस्त्रीने जात नाहीत.

कापताना कापडाच्या दुकानातल्या कात्रीच्या रेषेवर विश्वास ठेवू नका. ती बहुधा थोडी तिरकी असते. कडेला छोटा काप द्या, एक आडवा धागा सुईने सोडवा आणि हलके हलके ओढत जा. धागा निघून गेल्यावर कापडात एक बारीक रिकामी रेघ दिसते, तिच्यावरून कात्री चालवा. धागा मध्येच तुटला तर जिथे तुटला तिथून पुन्हा उचला. दसुतीत आणि खादीत हे सहज जमतं, घट्ट केसमेंटमध्ये चिकाटी लागते. पण या सरळ धाग्यावर पुढचं सगळं उभं आहे. तिरकी कापलेली मॅट धुतल्यावर एका कोपऱ्याकडे ओढली जाते, आणि मग सहा मॅट टेबलावर मांडल्या की एकही सरळ दिसत नाही.

मशीन नसेल आणि तासाभरात काही करून हवं असेल, तर दशा सोडा. तुकडा 18 बाय 13 इंचांचाच कापा, कडेपासून पाऊण इंच आत चारी बाजूंनी दुहेरी दोऱ्याने बारीक उलटा टाका घाला आणि त्या टाक्याबाहेरचे धागे एकेक करून काढून टाका. मुलांना या कामाला बसवावं. धागे ओढण्यात त्यांचा वेळ छान जातो आणि चुकायला फारशी जागा नसते. मात्र दशांच्या मॅट मशीनमध्ये धुतल्या तर दशांचा गुंता होतो. त्या हाताने धुवायच्या, नाहीतर पाहुण्यांपुरत्या ठेवायच्या.

रोजच्या मॅटला दुमडलेली कडा बरी. आधी पाव इंच दुमडून इस्त्री करा, मग पाऊण इंच दुमडून पुन्हा इस्त्री करा. चारी बाजू झाल्या की कोपऱ्यांकडे वळायचं. घाईच्या शिवणकामात कोपऱ्यावर एक दुमड दुसरीवर तशीच चढवतात. मग त्या चौरस तुकड्यात कापडाचे नऊ थर होतात. मशीनची सुई तिथे अडते, कोपरा टणक होतो आणि धुतल्यावर सर्वांत उशिरा वाळतो. काळा ठिपका धरतो तो तिथेच.

म्हणून कोपरा तिरका जोडायचा. वाचताना हे किचकट वाटेल, तेव्हा आधी कागदाच्या एका तुकड्यावर करून बघा. इस्त्रीने घातलेल्या दोन्ही दुमडी कोपऱ्यापाशी पूर्ण उघडा. कापडावर आडव्या-उभ्या घड्यांच्या रेषा उमटलेल्या दिसतील. सर्वांत आतल्या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू शोधा. आता कोपऱ्याचं टोक आत असं दुमडा की नवी तिरकी घडी बरोबर त्या बिंदूवरून जाईल आणि दोन्ही बाजूंना सारखी कललेली असेल. तिच्यावर इस्त्री दाबा. घडीपासून पाव इंच सोडून पुढचं टोक कात्रीने कापून टाका. मग जुन्या दुमडी पूर्वीच्याच क्रमाने परत घाला, आधी पाव इंच, मग पाऊण. दोन्ही बाजू येऊन एकमेकींना तिरक्या रेषेत भिडतात, फोटोफ्रेमच्या कोपऱ्यासारख्या. त्या रेषेवर हातानेच चार-पाच बारीक टाके घाला आणि मग आतल्या काठाला धरून चारी बाजूंनी एक सलग मशीन मारा. केसमेंटला 14 नंबरची सुई चालते, जीन्सला आणि डकला 16 नंबरची लागते. टाका जरा मोठा ठेवा, इंचाला आठ-दहा. फार बारीक टाक्याने जाड कापडाची कड आकसते.

इतकं सगळं सांगितलं, तरी मला स्वतःला सगळ्यांत आवडतात त्या गोधडीच्या टाक्याच्या मॅट. नवं काही विकत आणावं लागत नाही, मशीन लागत नाही, आणि कापड आधीच शेकडो वेळा धुतलेलं असल्यामुळे आटण्याचा प्रश्नच नसतो. जुनी सुती चादर मधोमध विरते, पण तिच्या कडेचं कापड शाबूत असतं. वरचा आणि खालचा थर त्या कडेच्या पट्ट्यांतून काढा. मधला थर जुन्या धोतराचा किंवा मऊ सुती साडीचा. तीन थर पुरे, चौथा घालायचा मोह टाळा. टॉवेल, फ्लॅनेल, फायबरची गादी यांतलं काहीही मध्ये भरू नका. ताटाला गादी लागत नाही, आणि भरलेली मॅट वाळत नाही.

वरचा आणि खालचा तुकडा 19 बाय 14 इंचांचा कापा, मधला 18 बाय 13 इंचांचा. वरचा आणि खालचा तुकडा सुलट बाजू आत करून एकमेकांवर ठेवा, कडेने अर्धा इंच सोडून धावदोरा किंवा उलटा टाका घालत जा आणि एका बाजूला हात जाईल एवढी फट सोडा. उलटवा, कोपरे बोथट पेन्सिलीने बाहेर काढा, मधला थर फटीतून आत सरकवून हाताने सपाट करा आणि फट तुरपून टाका. मग टाचण्या लावा. पहिला धावदोरा बरोबर मध्यावर, लांबीच्या दिशेने. त्यानंतर एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला असं इंच-इंच अंतरावर पुढे जा. एकाच टोकाकडून सुरुवात केली तर वरचं कापड पुढे सरकत जातं आणि शेवटच्या टोकाला फुगा येतो. इंचाच्या अंतराने साधारण बारा ओळी होतात. एका ओळीला 18 इंच म्हणजे सगळ्या मिळून साडेपाच मीटर, टाक्यांची वळणं धरून 6 मीटर दोरा हाताशी ठेवा. दोरा कापडाच्या रंगाचा न घेता उठून दिसेल असा घ्या, कारण या मॅटला दुसरी नक्षी नसते. घरातल्या प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा दिला तर कोणाची मॅट कोणती हे पोरांना लगेच कळतं आणि मॅट उचलून धुवायला टाकण्याची जबाबदारीही ज्याची त्याच्यावर टाकता येते. हा दुसरा भाग सर्वच घरांत जमतो असं नाही.

पालघर जिल्ह्यात राहून वारलीचा विषय टाळता येत नाही. गेरूच्या रंगाच्या केसमेंटवर पांढऱ्या फॅब्रिक कलरने काढलेली वारली चित्रं शोभतात, आणि गेरूच्या रंगावर हळदीचा डागही कमी उठून दिसतो. मूळ चित्रं गेरूने किंवा शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या चेचलेल्या काडीने निघत आली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी 1970 च्या दशकात लग्नविधीबाहेर रोजच्या जगण्याची चित्रं काढायला सुरुवात केली, ती कागदावर आणि कापडावर आणली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. आज मॅटवर वारली काढणं कोणाला वेगळं वाटत नाही, त्यामागे त्यांचं काम आहे.

मात्र काय काढायचं नाही हेही पाहावं. लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक काढतात, त्यात पालघट देवी असते. तो चौक पूजेचा आहे. इंटरनेटवरून उतरवून तो ताटाखाली घालू नये, त्यावर आमटी सांडावी हे बरं नव्हे. झाडं, पक्षी, शेतातली माणसं, ताडावर चढणारा माणूस, तारपा वाजवणारा, त्याच्याभोवतीचा फेर, अशी भरपूर चित्रं आहेत. जमलं तर डहाणू, जव्हार, विक्रमगड भागातल्या एखाद्या वारली चित्रकाराकडून काढून घ्या. त्यांच्या हातची माणसं नाचतात, आपली बहुधा कवायत करतात.

स्वतःच काढणार असाल तर जागा नीट निवडा. मध्यावर काढलेला तारप्याचा सुंदर फेर ताटाखाली झाकून जातो आणि जेवण संपेपर्यंत कोणालाच दिसत नाही. दिसतात ते चार कोपरे. त्यातही डाव्या कोपऱ्यावर पेला येणार, उजवीकडे काट्यांची ताटली. म्हणून वरच्या कडेला सलग पट्टा काढावा, माणसं इंचभर उंचीची. ताट थोडं अलीकडे ओढलं की पट्टा उघडा राहतो. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून धड, वर गोल डोकं, हातपाय नुसत्या रेघा. बारीक रेघेला ब्रशपेक्षा टूथपिक किंवा बांबूची काडी सोपी जाते. रंग जाड थापू नका, जाड रंग घडीवर तडकतो. कापड आधी धुतलेलं हवं, नाहीतर खळीवर रंग धरत नाही. रंग दिवसभर वाळू द्या, मग उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवा आणि त्यानंतर दोन-तीन दिवस मॅटला पाणी लावू नका.

बांबूच्या आणि शिंदीच्या पानांच्या चटया या जिल्ह्यात पूर्वापार विणल्या जातात. वसई तालुक्यातल्या भालिवलीच्या विवेक ग्रामविकास केंद्रात आदिवासी महिला बांबूच्या वस्तू करायला शिकतात, आणि बांबूचं काम किती नाजूक होऊ शकतं हे त्या वस्तू बघून कळतं. पण रस्सा-भाताच्या घरात बांबूची मॅट रोज वापरायची नाही. कांबट्यांच्या फटींत हळद आणि भात शिरतो, तो धुवून निघत नाही, आणि चटई भिजवली की पावसाळ्यात हमखास बुरशी धरते. फराळाला, चहाला, कोरड्या खाण्याला ती उत्तम. नंतर कोरड्या फडक्याने झटकायची आणि उभी करून ठेवायची.

गरम पातेलं मात्र कोणत्याच मॅटवर ठेवू नका. पातळ कापडातून उष्णता थेट खाली जाते आणि पॉलिश केलेल्या लाकडावर पांढरा डाग उमटतो. सनमायका थोडं सहन करतो, पॉलिश करत नाही. पातेल्यासाठी पूर्वीसारखी अडणी ठेवा किंवा जुन्या सुती साडीची वेणी करा. साडी लांबीच्या दिशेने 2 इंच रुंदीच्या पट्ट्यांत फाडा, तीन पट्ट्यांची वेणी घाला आणि ती मध्यापासून चपटी गुंडाळत जात शेजारच्या वळणाला टाचत जा. वेणी अर्ध्या इंचाची पडली तर 14 इंच व्यासाच्या गोलाला साधारण 8 मीटर लागते. एका साडीत असे तीन गोल आरामात होतात. साडी पूर्ण सुती हवी, नायलॉन किंवा सिंथेटिक असेल तर पातेल्याच्या बुडाला चिकटेल. वेणी जाड असते आणि वाळायला वेळ घेते, म्हणून ती ताटाखाली नको, फक्त पातेल्याखाली.

टेबल काचेचं असेल तर मॅट घसरतात. त्याला उपाय रबरी जाळीचा. ड्रॉवरमध्ये अंथरायला जी मिळते, तीच 12 बाय 8 इंचांची कापून मॅटखाली ठेवा. शिवू नका, नाहीतर ती दर वेळी मॅटबरोबर धुवावी लागते आणि गरम इस्त्रीखाली वितळते.

आता हळद. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून फोडणीच्या तेलाबरोबर तो कापडात खोल जातो. साबण लावला की डाग एकदम लालसर होतो. तो साबणातल्या क्षारांचा परिणाम. खळबळून धुतलं की पुन्हा पिवळा होतो, त्यामुळे घाबरून ब्लीचची बाटली काढू नका. आधी भांड्यांचा लिक्विड साबण डागावर चोळून तेल काढा, मग नेहमीसारखं धुवा आणि कडक उन्हात डाग वर येईल अशी मॅट पसरा. हळदीचा रंग उन्हात फिका पडतो. एका उन्हात गेला नाही तर ओला करून दुसरं ऊन द्या. डाग जाईपर्यंत त्यावर इस्त्री फिरवायची नाही, कारण उष्णतेने तेल धाग्यात पक्कं बसतं. जांभळाचा डाग उलटा वागतो. बहाडोलीच्या जांभळांचा हंगाम आला की त्यावर साबण आधी लावू नका, साबणाने तो निळसर होऊन बसतो. लगेच थंड पाण्याच्या धारेखाली धरा, मग लिंबू चोळा आणि शेवटी धुवा.

कोरड्या महिन्यांत मॅटना भाताच्या पेजेची पातळ खळ द्यावी. कापडाला अंग येतं, मॅट टेबलावर सपाट बसते, आणि सांडलेलं बरंच काही खळीवर अडून धुताना तिच्याबरोबर निघून जातं. पहिला पाऊस आला की खळ बंद. दमट हवेत खळीवर बुरशी आणि कसर दोन्ही येतात. त्या चार महिन्यांत प्रत्येकाला दोन मॅट लागतात, एक टेबलावर आणि एक दोरीवर. म्हणजे चौघांच्या घराला आठ. धुतलेली मॅट पंख्याखाली रात्रभर टांगा, सकाळी हाताला कोरडी लागली तरी कडेच्या दुमडीवर एकदा गरम इस्त्री फिरवा आणि निवल्यावरच घडी घाला. कपाटात ठेवण्यापेक्षा स्वयंपाकघरात एका खिळ्याला मोठ्या क्लिपने सगळ्या एकत्र टांगलेल्या बऱ्या. प्रत्येकीच्या उलट बाजूला, वरच्या कडेच्या मध्यावर, दोन इंच फितीचा एक लूप शिवताना घालून ठेवला तर क्लिपही लागत नाही.